सातबाऱ्यावर नसलेली लेक



शेतकरी चळवळीचे नेते शरद जोशी यांच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानात वक्त्यानं शेतमालाच्या भावावर बोलावं, कर्जावर बोलावं, ही अपेक्षा रास्तच आहे. मी मात्र आज तुम्हाला बाजार समितीत न नेता शेतकऱ्याच्या माजघरात नेणार आहे. पाहुणे उठून गेल्यावर, दार लोटून घेऊन जे बोललं जातं, त्याविषयी मला बोलायचं आहे. थोरलीनं परजातीतल्या मुलाशी लग्न केलं म्हणून तिचं नाव घरात काढायचं नाही. दोन भावांचं वाटणीवरून फाटलं म्हणून एकाच अंगणात दोन चुली आणि मध्ये भिंत. बहीण नांदत नाही, माहेरी आली आहे. पण गावाला सांगायचं, बाळंतपणाला आली आहे. तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना माझ्यासमोर अशी घरं रोज येतात. कुणी वाटणीचा दावा घेऊन येतं, कुणी बांध कोरल्याची तक्रार घेऊन येतं, कुणी मुलगी हरवल्याची फिर्याद घेऊन येतं. फायलींचे रंग वेगळे असतात, पण चार प्रश्न विचारले की त्या एकाच ठिकाणी जाऊन मिळतात.

ते ठिकाण असं. शेतकऱ्याच्या घरात जमिनीचा निर्णय आणि लेकीच्या मनाचा निर्णय एकाच जागी होतो, आणि त्या जागी लेक बसलेली नसते. जोवर तिचं नाव जमिनीच्या कागदावर उघडपणे लागत नाही, तोवर तिचं प्रेमही चोरीचंच राहणार, असं माझं ठाम मत झालं आहे. आज मला एवढंच मांडायचं आहे.

आधी जमिनीचं बघू. कृषी गणनेनुसार 1970-71 साली महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 4.28 हेक्टर होती, म्हणजे साडेदहा एकर. 2015-16 साली ती 1.34 हेक्टरवर आली, म्हणजे सव्वातीन एकर. दोन पिढ्यांत आजोबांच्या एका वावराची तीन वावरं झाली आणि प्रत्येक वावराच्या वाट्याला विहिरीची पाळी, मोटारीचा हिस्सा आणि बैलगाडीची वाट आली. त्यात 1947 चा तुकडेबंदी कायदा. ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा करायला त्यानं मनाई केली. हेतू चांगला होता. पण घरं वाढायची थांबली नाहीत, त्यामुळे वाटण्या कागदावरून उतरल्या आणि तोंडावर आल्या. चार पंच बसले, दोऱ्या लावल्या, दगड रोवले, "वरचा पट्टा दादाचा, ओढ्याकडचा नानाचा" असं ठरलं आणि सगळे उठले. वहिवाट एकाची, कागद दुसऱ्याचा. सातबारा कित्येक वर्षं मेलेल्या आजोबांच्याच नावावर. ही अडचण इतकी पसरलेली आहे की 2023 साली सरकारला 'सलोखा' नावाची योजना आणावी लागली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात असेल, तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करून घ्या, अशी ती सोय. सरकारनं दिलेलं नावच सांगतं की मोडलं काय होतं.

तोंडी वाटणीला साक्ष लागते आणि साक्षीदार म्हातारे होऊन जातात. मग ज्याला जे आठवतं ते खरं. बापानं कुणाला काय कबूल केलं होतं, कुणाच्या शिक्षणाला कुणाचा ऊस गेला, सोसायटीचं कर्ज कुणाच्या नावावर काढलं आणि कुणी वापरलं, हे सगळं घराच्या पोटात राहतं. घराला गुपितं पाळायची सवय लागते ती इथून.

आता सातबाऱ्याचा कागदच डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला कब्जेदारांची नावं, उजवीकडच्या रकान्यात 'इतर अधिकार'. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, विहिरीचा हक्क, कुळाची नोंद, हे या रकान्यात. बाप वारला, वारसाची नोंद करायला मुलं तलाठ्याकडे गेली, की वर्षानुवर्षं आपल्याकडे काय होत आलं? मुलांची नावं कब्जेदारांत लागली आणि मुलींची नावं, लागलीच तर, 'इतर अधिकारात' गेली. बँकेच्या बोजाखाली, कंसात, बहिणींची नावं. अनेक ठिकाणी तेवढीही लागली नाहीत. थोरल्या भावाचं नाव लागलं आणि पुढे तीन अक्षरं आली: ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. या अक्षरांच्या आड धाकटे भाऊ, विधवा आई आणि सगळ्या बहिणी दिसेनाशा झाल्या. जुने फेरफार काढून बघा. पाच लेकरांच्या घरात दोनच वारस लिहिलेले सापडतात, खाली पंचांचे अंगठे असतात आणि पंच घरचेच असतात. त्या फेरफारात लबाडी होती असं त्या पंचांना वाटलंही नसेल. लेक दिल्या घरी गेली, इतकं ते त्यांच्या दृष्टीनं साधं होतं.

कायदा मात्र पुढे सरकत राहिला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या वाट्यात हिस्सा दिला. महाराष्ट्रानं 1994 साली दुरुस्ती करून मुलीला मुलासारखीच जन्मानं सहदायाद केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. त्यामुळे एकाच आईच्या पोटच्या दोन बहिणींत थोरलीला हक्क नाही आणि धाकटीला आहे, अशी विचित्र स्थिती आली. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीनं ही भिंत पाडली, शेतजमिनीचा अपवादही काढला. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं की मुलीचा हक्क जन्मानं आहे. 2005 साली बाप हयात असो वा नसो. आणि जुनी वाटणी झाली होती असं नुसतं तोंडानं सांगून तो हक्क सहजी उडवता येणार नाही.

म्हणजे कागदावरचं भांडण संपलं? संपलं नाही, त्यानं जागा बदलली. ते तलाठ्याच्या दप्तरातून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आलं. तिथे एक दस्त होतो, हक्कसोडपत्र.

सकाळी भावांची जीप येते. बहिणी एसटीनं किंवा जावयाच्या मोटारसायकलवर येतात. बापाचं वर्षश्राद्धही झालेलं नसतं. कित्येकदा तेराव्याला पाहुणे जमलेत तोवर उरकून घेऊ, असं ठरलेलं असतं. दस्तलेखकानं मजकूर आधीच टाइप करून ठेवलेला असतो. त्यात लिहिलेलं असतं की मी माझ्या राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय, भावावरील प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता माझा हक्क सोडत आहे. बहीण डोक्यावरचा पदर सारखा करते, कॅमेऱ्यासमोर बसते, यंत्रावर अंगठा टेकवते. कुणी तिला मजकूर वाचून दाखवत नाही आणि तीही मागत नाही. बाहेर आल्यावर हॉटेलात जेवण होतं. पिशवीतून साडी-चोळी निघते, कधी बांगड्या भरायला दोन हजार रुपये. ती भावाच्या पाया पडते. एसटी पकडून घरी जाते.

मी अनेक बहिणींना विचारलं आहे, सही का केली? कुणीही म्हणालं नाही की मला जमीन नको होती. उत्तर एकच येतं: "वकीलसाहेब, माहेर तुटलं असतं." नवऱ्यानं टाकलं तर जायचं कुठे, दिवाळीला यायचं कुठे, लेकाच्या लग्नात मामा उभा राहील का, ही तिची खरी धास्ती असते. जमीन मागितली तर हे सगळं जाईल आणि सोडली तर राहील, असा हा सौदा आहे. दस्तात मोबदला नाही असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात माहेराचा उंबरठा हाच मोबदला असतो. तिच्याच घराचा उंबरठा तिलाच विकला जातो.

भावांची बाजू मी कोर्टात मांडली आहे, म्हणून ती इथेही मांडतो. भाऊ म्हणतो, "तिच्या लग्नाला कर्ज काढलं, ते मी फेडतोय. म्हातारा-म्हातारीचं दुखणंखुपणं मी काढलं. शेतात मी राबतो, रात्रीची लाइट आली की साप-विंचवात दारं धरायला मी जातो. भाव पडला की मी बुडतो. ती हिस्सा कशाचा मागते?" या बोलण्यात खोटं काही नाही. शेती तोट्यात असली की घरात वाटायला तोटाच असतो, आणि तोट्याची वाटणी नफ्याच्या वाटणीपेक्षा जास्त कडू होते. शरद जोशींनी आयुष्यभर जे सांगितलं, ते इथे घरात दिसतं. पण या दुःखाला बहिणीचं नाव खोडणं हा उपाय नव्हे. हिशोब मांडा. कर्ज तिच्याही हिश्शावर दाखवा. कसण्याचा मोबदला लिहून घ्या. तिचा वाटा खंडानं कसायला घ्या, चार साक्षीदारांसमोर दर ठरवा. राबणाऱ्या भावाचा हक्क उघड हिशोबात जास्त सुरक्षित असतो. हिशोब लपला की पुढच्या पिढीतल्या चुलतभावांचे दावे ठरलेलेच.

जमिनीचं झालं, आता मनाचं.

आपल्याकडे लग्न आणि जमीन यांची सोयरीक जुनी आहे. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात नोंदवलं आहे की महाराष्ट्रातल्या शेतकरी समाजांत मामाच्या मुलीशी लग्न पसंत केलं जातं. माणसं ओळखीची राहतात, देणंघेणं आतल्या आत राहतं, जमिनीवर परक्याची नजर पडत नाही. ज्या घरानं सात पिढ्या सोयरीक अशी बघून बघून जुळवली, त्या घरात मुलगी जेव्हा स्वतः कुणाला निवडते, तेव्हा बापाला फक्त तिचं मन हातचं गेलेलं दिसत नाही. हा जावई कोण, त्याची जात कोणती, आणि 2005 नंतरचा प्रश्न म्हणजे हा उद्या हिस्सा मागायला उभा राहिला तर? लेकीच्या प्रेमात बाप वाटणीचा दावा बघतो. बोलताना तो इज्जतीचं नाव घेतो. जमिनीचं नाव घेत नाही.

मुलगी तालुक्याला कॉलेजला जाते. एसटीत ओळख होते, जत्रेत नजर मिळते, मोबाइलवर बोलणं वाढतं. वर्षभर हे फक्त एका मैत्रिणीला ठाऊक असतं. मग घरात कळतं. कॉलेज बंद होतं, मोबाइल काढून घेतला जातो, महिन्याभरात कुठलं तरी स्थळ येतं. ती निघून जाते. पुष्कळ जोडपी आळंदी गाठतात. माउलींच्या गावातल्या मंगल कार्यालयांत दोन हार आणि चार साक्षीदारांवर लग्न लागतं. वेगळ्या धर्माची असतील तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. पण त्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. ज्या घरापासून लपून लग्न करायचं, त्या घराला तीस दिवस आधी बातमी पोचण्याची सोय त्यात आहे.

इकडे गावात बाप पोलीस ठाण्यात मुलगी बेपत्ता झाल्याची फिर्याद देतो. ती सापडते, ठाण्यात "मी माझ्या मर्जीनं गेले" म्हणून जबाब देते. काही घरांत त्या दिवशी जिवंत लेकीच्या नावानं आंघोळ केली जाते. आणि आश्चर्य वाटेल, पण यानंतर माझ्याकडे पहिलं जे काम येतं, ते तिच्या हक्कसोडपत्राचं असतं. "आम्हाला ती मेली" असं म्हणणारं घर तिची सही मात्र मागतं. सही दिली तर आईशी फोनवर बोलू देऊ, असा निरोप मध्यस्थामार्फत जातो.

हे सौम्य प्रकार झाले. मुलगा दलित किंवा भूमिहीन घरातला असेल आणि मुलगी जमीनवाल्या घरातली, तर गोष्ट रक्तापर्यंत जाते. महाराष्ट्रानं अशा हत्या पाहिल्या आहेत. 2016 साली 'सैराट' पाहून राज्यभर माणसं चित्रपटगृहातून सुन्न होऊन बाहेर पडली, ती त्या शेवटाची ओळख पटली म्हणून. डॉ. आंबेडकरांनी 1936 च्या 'जातिनिर्मूलन' प्रबंधात आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला होता. तो उपाय करणाऱ्या मुलामुलींना गाव एकटं पाडतं. राज्यानं 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली शक्ती वाहिनी खटल्यात सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला कुटुंबाची, जातीची किंवा पंचायतीची संमती लागत नाही, आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे उभे करावेत. तरुण मुलामुलींना हे ठाऊक असलं पाहिजे. त्याआधी ते गावातल्या पोलीसपाटलाला, सरपंचाला, शिक्षकाला ठाऊक असलं पाहिजे, कारण पहिल्या रात्री जोडपं त्यांच्याच दारात येतं.

मुलग्यांचीही कोंडी आहे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून तरुण जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. मुली मिळत नाहीत, हे त्यांचं गाऱ्हाणं. बातम्यांनी ते गमतीनं दाखवलं. मला त्यात गंमत दिसली नाही. 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, बीड जिल्ह्यात 807. त्या न जन्मलेल्या मुलींचं गुपितही आपल्याच घरांनी पाळलं. आणि ज्या जन्मल्या, त्यांनी आईला पाहिलं. पहाटेपासून खुरपणी, वेचणी, धारा, स्वयंपाक. कागदावर कुठेच नाव नाही. देशभरात वहितीखालच्या खात्यांपैकी स्त्रियांच्या नावावरची खाती 2015-16 साली सुमारे 14 टक्के होती. मुलगी शेतकरी नवरा नको म्हणते, तेव्हा तिला आईचं ते नाव नसलेलं राबणं नको असतं. शेतकरी मुलाच्या लग्नाचा प्रश्न सोडवायचा असेल, तर लग्नाच्या दिवशी बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची तयारी ठेवा. माझ्या माहितीत याहून चांगलं स्थळ नाही.

या विषयाला तोंड फोडणारी माणसं आपल्या मातीत होऊन गेली. 1863 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेला मूल मारून गुपित पाळावं लागू नये, तिनं येऊन बाळंत व्हावं, यासाठी ते दार उघडं होतं. तिथेच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विचारलं की एकाच कृत्याची शिक्षा बाईलाच का. आणि शरद जोशींनी नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं, तेव्हा शेतमालाच्या भावासाठी लढणाऱ्या चळवळीनं पहिल्यांदा आपल्याच घराकडे बोट दाखवलं. त्यातून लक्ष्मीमुक्ती आली. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून तिचं देणं फेडावं. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं, त्या गावात त्यांचा सत्कार व्हायचा. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीचं सीतेचं मंदिर जोशींनी जीर्णोद्धार करून उभं केलं. तिथली लोककथा अशी की टाकलेल्या सीतेनं लेकरांसाठी गावात मूठभर गहू मागितले आणि गावानं नाही म्हटलं. चळवळीच्या नेत्यानं हे मंदिर का निवडलं, हे सांगायला नको. घरानं टाकलेल्या बाईला गावानंही मूठभर धान्य नाकारलं, ही आपली लाज त्यांना झाकून ठेवायची नव्हती.

लक्ष्मीमुक्तीचं मर्म मला वाटतं ते असं: ते काम गावात, सगळ्यांसमोर झालं. एकट्यानं केलं असतं तर भावकीनं टोमणे मारले असते. शंभरांनी केलं म्हणून तो गावाचा मान झाला. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना त्याच वाटेनं जाण्याचं आवाहन केलं. शतकांची रीत एका सभेत बाजूला झाली, कारण ज्याची सगळ्यांना मनातून लाज वाटत होती, ते कुणीतरी मोठ्यानं बोललं.

म्हणून माझं मागणं ग्रामसभेकडे आहे. चावडी वाचनाची पद्धत आपल्याकडे आहे. सातबारा आणि फेरफार लोकांसमोर वाचून चुका दुरुस्त करायच्या असतात. त्या वाचनाला यापुढे माहेरवाशिणींना बोलवा. प्रत्येक वारस नोंदीत लेकींची नावं कब्जेदारांत लागली का, हे मोठ्यानं विचारा. बाप वारल्यापासून वर्षभर कुणाही बहिणीकडून हक्कसोडपत्र घेणार नाही, असा ठराव करा. वर्षानंतरही घ्यायचं तर तिला मजकूर वाचून दाखवून, तिच्या निवडीच्या वकिलासमोर. बापांनो, हातपाय धड आहेत तोवर लेकरांना एकत्र बसवून वाटणी लिहून काढा, कर्जासकट. आणि लेकीनं एखाद्याचं नाव घेतलं, तर ते नाव पुरतं ऐकून घ्या. तो मुलगा कसा आहे, हे विचारा. अठरा पूर्ण केलेल्या मुलीला आणि एकवीस पूर्ण केलेल्या मुलाला कायद्यानं जे दिलं आहे, ते घरानं आधी द्यावं.

मुलींना मला एक सांगायचं आहे. माहेर तुमच्या सहीवर टिकत असेल, तर ते आधीच तुटलेलं आहे. हिस्सा मागितल्यावरही जो भाऊ दिवाळीला दार उघडतो, तोच तुमचा भाऊ. असे भाऊ आहेत. मी कोर्टात त्यांना बहिणीच्या बाजूनं जबाब देताना पाहिलं आहे. त्यांची संख्या वाढवणं हे या व्याख्यानाचं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे शरद जोशींच्या स्मृतीचंही, काम आहे. शेतकऱ्याला घामाचं दाम मिळालं पाहिजे, ही त्यांची मागणी होती. घाम गाळणाऱ्यांत घरातली बाई आणि लेक येते. त्यांचं देणं सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे, आणि ते फेडायला कुठल्याही कर्जमाफीची वाट बघावी लागत नाही.